गेलिक गिरिनामांची वहिवाट

ब्रिटनमधील सर्वोच्च पर्वत म्हणून ज्याची ख्याती आहे, आणि १,३४५ मीटर उंचीच्या ज्याच्या माथ्यावर पाऊल ठेवल्याचे समाधान मिळविण्यासाठी दूरदूरचे प्रवासी येतात, त्या बेन नेव्हिसचे नाव वास्तविक त्या पर्वताचे नव्हेच; ते त्याच्या पायथ्याला वळसा घालून जाणाऱ्या नेव्हिस नदीचे आहे, आणि नदीवरून दरीला व दरीवरून डोंगराला अशा क्रमाने ते वर चढत गेलेले आहे. 'नेव्हिस' म्हणजे मेघांत मस्तक असलेला, असा एक लोकप्रिय अर्थ सांगितला जातो, आणि प्रवाशांच्या मार्गदर्शिकांना तो फार प्रिय आहे. स्कॉटलंडमधील केल्टिक स्थलनामांचा ज्यांचा ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध झाला आणि जो अद्यापही या विषयाचा आधारस्तंभ मानला जातो, त्या विल्यम वॉटसन यांनी मात्र त्या शब्दाचा संबंध विषारी, दुष्ट अशा अर्थाच्या एका जुन्या शब्दाशी जोडला. नदीला दुष्ट म्हणणारा मनुष्य तिच्या काठावर राहणारा, पुराच्या पाण्यातून गुरे पार नेण्याचा अनुभव घेतलेला असला पाहिजे. पर्वताच्या मेघाच्छादित मस्तकाने मोहून जाणारा मनुष्य बहुधा पाहुणा असतो. वॉटसन यांचे मत निर्विवाद आहे असे नाही, पण या दोहोंपैकी मूळ नामकर्ता कोण असावा याविषयी माझ्या मनात फारसा संशय नाही.

स्कॉटलंडच्या उत्तर व पश्चिम भागातील ज्या डोंगरी मुलखाला हायलँड्स म्हणतात, तेथील डोंगरांची जी हजारो नावे नकाशावर आढळतात त्यांचा फार मोठा भाग गेलिक भाषेतला आहे, आणि ही नावे ज्यांनी पाडली त्यांना शिखरावर चढण्याचे कारण क्वचितच पडत असे. माथ्यावर गवत नसते, पाणी नसते, आडोसा नसतो. जे काही मनुष्याच्या आणि गुराच्या उपयोगाचे आहे ते सारे उतारावर, द्रोणीत, झऱ्याकाठी आणि खिंडीत असते. म्हणून ज्याला आपण डोंगराचे नाव समजतो ते पुष्कळदा डोंगराच्या एखाद्या अवयवाचे नाव निघते, आणि ते दरीतून वर पाहणाऱ्या डोळ्यांनी दिलेले असते. शिखरांना महत्त्व चढले ते मोजणीदारांच्या आणि गिर्यारोहकांच्या आगमनानंतर. या एका गोष्टीकडे लक्ष दिले की गेलिक गिरिनामांतील निम्मी कोडी आपोआप सुटतात.

ही भाषा त्या मुलखात आरंभापासून होती असेही नाही. तिच्या आधी तेथे ब्रिटॉनिक आणि पिक्ट लोकांची भाषा नांदत होती, वेल्श भाषेच्या नात्यातली. आणि तिचे अवशेष डोंगरांच्या नावांतून अजून डोकावतात. मध्य स्कॉटलंडमधील ओकिल टेकड्यांच्या नावात 'उंच' अशा अर्थाचा ब्रिटॉनिक शब्द आहे, आणि बेन लोमंड या नावात धोक्याच्या किंवा संकेताच्या वेळी जाळ पेटविण्याची जागा असा अर्थ दडलेला आहे असे मानतात. आयर्लंडातून समुद्र ओलांडून आलेल्या गेलिक लोकांचे डालरियाडा नावाचे राज्य पाचव्या शतकाच्या सुमारास आर्गाइलच्या किनाऱ्यावर उदयास आले, आणि पुढील पाच-सहा शतकांत त्यांची भाषा पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरली. येताना त्यांनी पूर्वीचे सर्व पुसून टाकले नाही. रानमाळ किंवा उंचवटा या अर्थाचा त्यांचा 'मोना' हा शब्द त्या आधीच्या रहिवाशांकडूनच उसना घेतलेला आहे. मधल्या काळात, आठव्या शतकाच्या अखेरीपासून, नॉर्वेच्या दर्यावर्दी लोकांनी हेब्रिडीज बेटे आणि उत्तरेचा किनारा व्यापला, आणि १२६६ च्या पर्थच्या तहाने ती बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे येईपर्यंत त्यांचा अंमल कमीअधिक प्रमाणात तेथे टिकला.

या दर्यावर्द्यांच्या नावांची तऱ्हा निराळी आहे आणि ती तुलनेसाठी फार उपयुक्त आहे. रम बेटावरील आस्किव्हल, हॅलिव्हल, आइन्शव्हल या डोंगरांच्या नावांतील शेवटचे पद पर्वतवाचक नॉर्स शब्दाचा अवशेष आहे. उत्तरेकडील सुलव्हेन हा जेमतेम ७३१ मीटर उंचीचा, पण सभोवारच्या सपाट रानातून एकदम वर उठलेला डोंगर पश्चिमेच्या समुद्रावरून पाहिला असता एखाद्या खांबासारखा दिसतो, आणि त्याच्या नावातील पहिले पद खांब या अर्थाचा नॉर्स शब्दच आहे. त्याला पुढे पर्वतवाचक गेलिक शब्द येऊन चिकटला. जहाजावरून पाहणाऱ्याला सुकाणू धरण्यासाठी दुरून ओळखू येणारी खूण हवी असते, आणि ती त्याला आकृतीत सापडते. दरीतल्या गुराख्याला हव्या असतात निराळ्या खुणा.

गेलिक भाषेत पर्वताला मुख्यतः 'बेन' म्हणतात, आणि या शब्दाचा जुना अर्थ शिंग असाही आहे. ज्यांच्या कानांवर शृंग हा शब्द दोन्ही अर्थांनी पडलेला आहे त्यांना यात नवल वाटण्याचे कारण नाही. आयर्लंडात पर्वतासाठी 'स्लीव्ह' हा शब्द अधिक रूढ. स्कॉटलंडमध्ये तो विरळ आढळतो, आणि तोही मुख्यतः नैर्ऋत्येकडील गॅलोवे प्रांतात आणि आयर्लंडाच्या समोरच्या बेटांवर, यावरून विल्हेल्म निकोलायझन यांनी तो गेलिक वसाहतीच्या पहिल्या लाटेचा पुरावा मानला होता. पुढील अभ्यासकांनी मात्र हे अनुमान इतके सरळ नसल्याचे दाखवून दिले. बेनच्या जोडीला 'स्गूर' म्हणजे खडकाळ कडेतुटीचे शिखर, 'स्टोब' म्हणजे खुंटासारखा सुळका, 'म्याउल' म्हणजे ढेपेसारखा गोल बोडका डोंगर, 'कार्न' म्हणजे धोंड्यांची रास, 'क्रुआख' म्हणजे गंजी, आणि 'क्नोक' म्हणजे साधी टेकडी. यांतील एका शब्दाच्या जागी दुसरा सहसा चालत नाही. ज्या म्याउलवर गुरे सुखाने चरतील, त्या चढणीच्या ठिकाणी स्गूर असता तर गुराख्याला दिवसभर काळजी. हा फरक त्याच्या उपजीविकेचा होता, आणि म्हणूनच तो भाषेत पक्का रुजला.

डोंगराच्या देहाचीही वाटणी अशीच बारकाईने केलेली आहे. 'स्रोन' म्हणजे नाक, आपल्याकडे जिला सोंड म्हणतात ती पुढे आलेली धार. 'ड्रुइम' म्हणजे पाठ. 'गुअलन' म्हणजे खांदा. 'क्यान' म्हणजे डोके. आणि 'कीख' म्हणजे स्तन, जो शब्द त्या लोकांनी निःसंकोचपणे अनेक टेकड्यांना दिला. या सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र अवयवाचा नसून भांड्याचा आहे. 'कोरे' म्हणजे मोठी कढई. हिमयुगातील हिमनद्यांनी डोंगराच्या कुशीत ज्या अर्धगोल खोल द्रोणी कोरून काढल्या, तीन बाजूंनी उभे कडे आणि चौथ्या बाजूने दरीकडे उघड्या, त्यांना हे नाव आहे. आणि भूगोलाच्या इंग्रजी पुस्तकांनी हाच शब्द पुढे स्वीकारला. अशा द्रोणीत वारा अडतो, झरे फुटतात, कोवळे गवत उशिरापर्यंत हिरवे राहते, हरणे आश्रयाला येतात. दरीतल्या मनुष्याच्या दृष्टीने डोंगराचे मर्मस्थान हेच.

त्यामुळे असे झाले की द्रोणीला नाव आधी मिळाले आणि तिच्यावर उभे असलेले शिखर तिच्या नावाने ओळखले जाऊ लागले. ग्लेन कोच्या माथ्यावरील एका उत्तुंग शिखराचे नाव आहे स्टोब कोरे नान लोखन, म्हणजे तळ्यांच्या द्रोणीचा सुळका. दुसऱ्या एका डोंगररांगेत स्टोब कोरे ईसान आहे, लहान धबधब्याच्या द्रोणीचा सुळका. आणि पश्चिमेकडील दुर्गम रानात मुलख कोरे विख एरखर आहे, म्हणजे फर्खरच्या मुलाच्या द्रोणीचा माथा. हा फर्खरचा मुलगा कोण होता हे इतिहास सांगत नाही. त्याची द्रोणी होती. तिथे तो गुरे नेत असावा किंवा शिकार करीत असावा. शिखर त्याच्या मालकीचे नव्हते, आणि ते त्याला नकोही होते.

आता एका शंकेचे निरसन येथेच करून टाकावे. गेलिक गिरिनामे पाहणाऱ्या परक्या वाचकाला पहिला कंटाळा येतो तो त्यांच्या पुनरुक्तीचा. कार्न जेरक, म्हणजे तांबडी रास, नकाशावर अनेकदा येतो. ग्याल खार्न, म्हणजे पांढरी रास, तोही तितकाच. आणि बेन मोर, मोठा पर्वत, मल बेटावर एक, क्रियनलारिखजवळ एक आणि अॅसिंटमध्ये एक. कल्पनाशक्तीचे दारिद्र्य म्हणून याची थट्टा झालेली आहे. परंतु ही नावे एका देशाच्या सूचीत शेजारी शेजारी मांडण्यासाठी दिलेलीच नव्हती. प्रत्येक दरीला तिचा एक तांबडा डोंगर आणि एक मोठा डोंगर पुरेसा होता. दुसऱ्या दरीतल्या मोठ्या डोंगराशी गाठ पडण्याचा प्रसंगच नव्हता. पुनरुक्तीचा दोष त्या लोकांचा नसून, सर्व दऱ्या एका कागदावर आणणाऱ्या नकाशाचा आहे.

रंगांविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण गेलिक रंगशब्दांच्या सीमा इंग्रजीच्या किंवा मराठीच्या सीमांशी जुळत नाहीत. 'गोरम' हा शब्द निळ्यासाठी आहे आणि रसरशीत हिरव्या गवतासाठीही आहे. 'ग्लास' म्हणजे राखाडी, पण डोंगराच्या उतारावरील फिकट हिरवाही. 'लीआ' म्हणजे करडा, वयोवृद्ध केसांसारखा. 'रूआ' म्हणजे मातकट तांबूस, ज्याचे आपल्या 'रुधिर' शब्दाशी रक्ताचे नाते आहे हे भाषाशास्त्र सांगते. आणि 'ब्रेक' म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. म्हणजे रंग डोंगराच्या दगडाचा आहे, गवताचा आहे, की दुरून दिसणाऱ्या धूसरतेचा, हे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहिल्याखेरीज ठरत नाही. या गोंधळाचा सर्वांत प्रसिद्ध बळी म्हणजे केर्नगोर्म्स पर्वतश्रेणी. या विस्तीर्ण रांगेचे गेलिक नाव आहे आम मोना रूआ, तांबूस रानडोंगर, कारण तिचा ग्रॅनाइट संध्याकाळच्या उन्हात खरोखरच तांबडा दिसतो. आणि स्पे नदीच्या पलीकडची समोरची रांग म्हणजे आम मोना लीआ, करडे रानडोंगर. दोन्ही नावे एकमेकांकडे पाहत उभी आहेत, नदीकाठच्या लोकांनी डावी-उजवीकडे मान वळवून दिलेली. बाहेरच्या मंडळींना मात्र स्पेच्या खोऱ्यातून ठळक दिसणारे कार्न गोरम हे एकच शिखर परिचित झाले, आणि त्या 'निळ्या राशी'चे नाव त्यांनी सगळ्या तांबड्या रांगेला लावून टाकले. आज तांबड्या डोंगरांना सारे जग निळे म्हणते. मोना रूआ हे नाव अभ्यासकांच्या तोंडी उरले आहे.

गुरांचा संबंध तर पावलोपावली येतो. मे महिन्याच्या आरंभी गावातील स्त्रिया, मुली आणि मुले गुरे घेऊन डोंगरातल्या उन्हाळी कुरणांवर जात, माती-दगडाच्या लहान खोपटांत राहत आणि पावसाळी थंडी सुरू होण्यापूर्वीपर्यंत तेथे लोणी व चीज करीत. या मुक्कामाला 'आरी' म्हणतात आणि हा शब्द असंख्य टेकड्यांच्या व ओढ्यांच्या नावांत शिल्लक आहे. शेकडो वर्षांच्या शेणखताने त्या जागा इतक्या सुपीक झाल्या की माणसे गेल्यावर आज दीडदोनशे वर्षांनीही तपकिरी रानात हिरवे चौकोन म्हणून त्या ओळखू येतात. अॅपलक्रॉसच्या वाटेवरील उंच खिंडीचे नाव ब्यालख ना बा, गाईंची खिंड; टिनड्रमजवळच्या देखण्या बेन लुईचे नाव वासराचा पर्वत; स्टोब गोवर म्हणजे बोकडांचा सुळका. एटिव्ह दरीच्या तोंडाशी उभा असलेला, छायाचित्रांमुळे जगप्रसिद्ध झालेला त्रिकोणी पर्वत म्हणजे बुअखेल एटिव्ह मोर, एटिव्हचा थोरला गुराखी, आणि त्याच्या शेजारी धाकटा गुराखी. गेलिकमधील गाईचा शब्द 'बो' आणि आपला 'गो' हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत, आणि 'बुअखेल' शब्दाच्या उत्तरार्धात जो धातू आहे तो आपल्या 'चर्' धातूचा सगोत्र आहे. तेव्हा त्या पर्वताला गोचारक म्हणणे हे भाषांतर नव्हे, जवळजवळ पुनरुच्चारणच होय.

शिकारीचा शब्दसंग्रहही याच पद्धतीने डोंगरांत गोठला आहे. हरणांना हाकारा घालून ज्या निमुळत्या घळीत कोंडीत पकडीत तिला 'एल्रिग' म्हणत, आणि त्या नावाच्या टेकड्या स्कॉटलंडच्या अशाही भागांत सापडतात की जेथे गेलिक बोलणे केव्हाच बंद झाले आहे.

अठराव्या शतकात या साऱ्या जगाचे एक साक्षीदार होऊन गेले, ते डंकन बान मॅकिंटायर. १७२४ साली जन्मलेले हे कवी धंद्याने शिकारी रानांचे राखणदार होते, ब्रेडलबेनच्या अर्लच्या आणि आर्गाइलच्या ड्यूकच्या नोकरीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, आणि त्यांची काव्ये एका धर्मोपदेशकाने लिहून घेतल्यामुळे १७६८ साली एडिंबरो येथे ग्रंथरूपाने निघू शकली. बेन डोरन या १,०७६ मीटर उंचीच्या पर्वताची त्यांनी रचलेली स्तुती गेलिक काव्यातील एक मोठी कृती समजली जाते. तिची रचना त्यांनी बॅगपाइपवर वाजविल्या जाणाऱ्या गंभीर संगीतप्रकाराच्या विस्तारक्रमावर बेतली आहे, आणि तिचा विषय शिखर हा नाहीच. हरिणी कोणत्या घळीत विसावते, कोणते गवत खाते, कोणते पाणी पिते, हाच आहे. डोंगर म्हणजे त्याचे उतार आणि त्यांवरचे जीवन, ही जी समजूत नावांतून सूत्ररूपाने दिसते, तिचे हे भाष्यच. पुढे मेंढ्यांच्या कळपांनी हरणे आणि माणसे दोघांनाही हुसकून लावले तेव्हा मॅकिंटायरांनी मेंढ्या खाणाऱ्या कोल्ह्यांची प्रशंसा करणारे एक गाणे रचले, आणि १८०२ साली, वयाची पंचाहत्तरी ओलांडल्यावर, आपल्या डोंगरांचा निरोप घेणारे काव्य केले.

दंतकथांचे प्रकरण मी थोडक्यातच आटोपतो, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. स्काय बेटावरील बेन ना काल्यीख, म्हणजे म्हातारीचा डोंगर, त्याच्या माथ्यावरच्या दगडांच्या राशीखाली नॉर्वेची एक राजकन्या पुरली आहे आणि मायदेशाचा वारा अंगावरून जावा म्हणून तिने ती जागा मागून घेतली, असे सांगतात. ग्लेनशी दरीतील एका डोंगरावर वीर डायर्मिड रानडुकराच्या विषारी केसाने मेला. आणि हीच कथा आयर्लंडात त्याच नावाच्या दुसऱ्या डोंगराला चिकटलेली आहे, याचा अर्थ लोक येताना डोंगरही बरोबर घेऊन आले. पर्थशायरमधील शिहॅलियन म्हणजे प्राचीन कॅलेडोनियन लोकांचा सिद्धनिवास, पऱ्यांचा डोंगर. त्याच डोंगराची नियमित, सुटी आकृती पाहून १७७४ साली राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलाइन यांनी तेथे मुक्काम ठोकला, डोंगराच्या आकर्षणाने ओळंबा किती ढळतो ते ताऱ्यांच्या साक्षीने मोजले, आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्यात आली; गणिताचे काम करणाऱ्या चार्ल्स हटन यांनी समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडण्याची युक्ती याच कामी उपयोगात आणली. नकाशांवरील समोच्चरेषांचा इतिहास सांगताना पऱ्यांच्या या डोंगराचे नाव घ्यावेच लागते.

मोजणी खात्याची गोष्ट मात्र विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १७४६ च्या कलोडनच्या लढाईत हायलँडच्या बंडखोरांचा मोड झाल्यावर सरकारी फौजेला उमगले की ज्या मुलखावर हुकमत चालवावयाची त्याचा धड नकाशाच आपल्याजवळ नाही, आणि १७४७ पासून १७५५ पर्यंत मुख्यतः विल्यम रॉय यांच्या हातून त्याची लष्करी पाहणी झाली. पुढे १७९१ साली ऑर्डनन्स सर्व्हे हे कायमचे खाते स्थापन झाले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे अंमलदार मोठ्या प्रमाणावरचे नकाशे घेऊन दरीदरीतून हिंडू लागले. त्यांचा शिरस्ता मोठा काटेकोर होता. प्रत्येक गावासाठी नामपुस्तक ठेवलेले असे. त्यात एका रकान्यात नाव, दुसऱ्यात त्याचे आढळलेले निरनिराळे लेखन, तिसऱ्यात त्या लेखनाचा दाखला कोणी दिला, आणि शेवटी जागेचे वर्णन, अशी नोंद होई. यंत्रणा उत्तम, उणीव होती ती साक्षीदारांत. नोंद पक्की करण्यासाठी मान्यवरांचा दाखला हवा असे, आणि मान्यवर म्हणजे जमीनमालक, त्यांचे कारभारी, धर्मोपदेशक, शाळामास्तर. डोंगर ज्यांच्या पायाखालचा होता ती कुळे या यादीत फारशी नसत. आणि कित्येक दऱ्यांत तर ती मुळी उरलीच नव्हती. मेंढ्यांच्या मोठ्या वाड्यांना जागा करून देण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून जमीनमालकांनी आपली रयत घराबाहेर काढली होती. सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हरची दरी १८१४ आणि १८१९ साली अशीच रिकामी झाली. मोजणीदार नाव विचारीत पोहोचला तेव्हा त्याला उत्तर देण्यास पुष्कळदा दक्षिणेकडून आणलेला मेंढपाळ किंवा शिकारखान्याचा नोकर हजर होता.

तरीही स्कॉटलंडच्या नकाशाने एक गोष्ट चांगली केली, आणि तिचे श्रेय द्यावयास हवे. आयर्लंडात १८३० च्या दशकात जॉन ओडोनोव्हन यांच्यासारखा पंडित मोजणी खात्यात कामाला होता, त्याने गावोगाव हिंडून जुनी रूपे खणून काढली, आणि इतके करूनही छापील नकाशावर नावे इंग्रजी वर्णलेखनात आली. स्कॉटलंडमध्ये इतका समर्थ पंडित त्या कामावर नव्हता, पण डोंगरांची बहुतेक नावे गेलिक वर्णलेखनातच छापली गेली. ज्या डोंगरांकडे रस्ते, सराया आणि प्रवासी आधीच पोहोचले होते तेवढेच, बेन नेव्हिस, बेन लोमंड, बेन व्रॅकी, शिहॅलियन, हे इंग्रजी वळणाचे झाले. दुर्गमतेने त्यांच्या शेजाऱ्यांना वाचविले.

लाजेपायीही काही नावे बदलली. केर्नगोर्म्समधील एका टोकदार शिखराचे गेलिक नाव सैतानाचे लिंग असे आहे. इंग्रजीत ते सैतानाचे टोक झाले, आणि व्हिक्टोरिया राणीने अर्थ विचारला असता तिचा सेवक जॉन ब्राउन याने प्रसंगावधान राखून हे रूप सांगितले अशी कथा आहे, जी खरी नसली तरी त्या काळाला शोभणारी आहे. बॅल्मोरल वाड्याजवळच्या प्रसिद्ध लॉखनागार पर्वताचे जुने नाव बेन खीखान, स्तनांचा पर्वत. आजचे नाव त्याच्या कुशीतल्या एका लहान तळ्याचे आहे, आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या बायरनच्या कवितेने ते सर्वत्र नेले.

यानंतर आले गिर्यारोहक. १८८९ साली स्थापन झालेल्या स्कॉटिश माउंटेनिअरिंग क्लबच्या नियतकालिकात सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये तीन हजार फुटांवरील माथ्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात ५३८ माथे होते आणि त्यांपैकी २८३ स्वतंत्र पर्वत म्हणून गणले होते. १९१९ साली मन्रो वारले तेव्हा त्यांचे स्वतःचेच कोष्टक पुरे चढून झालेले नव्हते. आज ती संख्या २८२ आहे, त्या पर्वतांना मन्रो हेच सामान्यनाम पडले आहे, आणि ते सर्व चढून संपविणे हा हजारो लोकांचा छंद झालेला आहे. मी त्या छंदाची निंदा करीत नाही. परंतु फुटांच्या मापाने पर्वत निवडताच सुलव्हेनसारखा डोंगर यादीबाहेर गेला, आणि ज्यांची गेलिक नावे द्रोणींची किंवा ओढ्यांची होती त्यांच्यावर 'शिखर' हा एकच अर्थ लादला गेला. बेन लॉअर्स या नावात गडगडत वाहणारा ओढा आहे हे चढून गेलेल्यांपैकी कितीजण जाणतात?

स्काय बेटावरील कुलिन पर्वतांत हे स्थित्यंतर सर्वांत स्पष्ट दिसते. तेथे गवताऐवजी उघडा काळा खडक आहे, गुरांना तेथे काम नव्हते, आणि त्यामुळे कित्येक शिखरांना रूढ नावच नव्हते. आरोहकांनी ती पोकळी एकमेकांच्या नावांनी भरून काढली. बेटावरील सर्वांत उंच शिखर १८७३ साली प्रथम चढून गेलेले अलेक्झांडर निकोल्सन, जे स्काय बेटाचेच सुपुत्र, शेरिफ आणि गेलिक म्हणींचे संग्राहक होते, त्यांच्यावरून ते स्गूर अलस्तर झाले. शेजारचे एक इंग्लिश कारखानदार चार्ल्स पिल्किंग्टन यांचे नाव मिरविते. आणि तिसरे वाटाड्या जॉन मॅकेंझी यांचे, जे त्या तिघांत बहुधा सर्वांत रास्त. नावे गेलिक व्याकरणात बसविली, पण रीत परकी होती. माणसाचे नाव माथ्याला देणे ही राज्यकर्त्यांची आणि विजेत्यांची रीत, आणि आपल्याकडे ती अनोळखी नाही. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर जॉन माल्कम, स्वतः दक्षिण स्कॉटलंडचे, यांच्या नावाने महाबळेश्वरी माल्कमपेठ वसली, आणि १८६५ साली जगातील सर्वोच्च शिखराला त्याचे तिबेटी नाव डावलून एका निवृत्त सर्व्हेअर जनरलचे नाव देण्यात आले. फर्खरच्या मुलाने मात्र एका द्रोणीवर समाधान मानले होते.

१८९१ च्या शिरगणतीत स्कॉटलंडमध्ये गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २०११ च्या शिरगणतीत ते सत्तावन्न हजारांच्या घरात आले. २००५ च्या कायद्याने भाषेला सरकारी मान्यता मिळाली आणि रस्त्यांवरील व स्थानकांवरील पाट्यांवर तिची नावे परत आली, ही समाधानाची गोष्ट खरी. पण पाटी गावाला आणि स्थानकाला लागते, ओढ्याच्या वळणाला लागत नाही. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अध्ययनाची शाखा निघाली आणि तिचे संशोधक ध्वनिमुद्रण यंत्रे घेऊन दऱ्यादऱ्यांतील वृद्ध गुराखी, मेंढपाळ आणि शेतकरी यांच्याकडे गेले, आणि मोजणी खात्याच्या नकाशावर कधीच न आलेली नावे, खडकांची, कुरणांची, झऱ्यांची, त्यांनी फितींवर उतरवून घेतली. शिखरांची नावे आता कोणत्याही नकाशावर उंचीसह मिळतात. त्यांच्या खालच्या उतारांची पुष्कळशी नावे केवळ त्या ध्वनिफितींत आहेत, आणि काही एडिंबरोच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात ठेवलेल्या नामपुस्तकांत, कारकुनाने रेघ मारून खोडलेल्या पाठभेदांच्या रकान्यात.